आमच्या घरी दमा होता

आमच्या घरात खोकला कोणालाच नव्हता. मामाजींना दमा होता. हा फरक ज्याला कळत नाही, त्याला आमच्या सौंसरकडची सोयरीक कळायची नाही. दमा असलेल्या घरात लोक मुलगी देत आणि दमा असलेल्या घरातली मुलगी करून घेत. दमा म्हणजे थंडीचा, बिडीचा, कडब्याच्या धुळीचा दोष. त्यात घराण्याचं नाव जात नसे. दुसरा जो रोग, त्याचं नावच घ्यायचं नाही. 'ते दुखणं' म्हणत, आणि तेसुद्धा शेजारच्या घराबद्दल.

मामाजी म्हणजे माझे सासरे. माझं माहेर पांढुर्ण्याचं, वडील शाळामास्तर. सासर सौंसरकडे, रामाकोन्याजवळच्या एका खेड्यात, कापसाची शेती आणि संत्र्याचा बगीचा. माहेर रुंद रुळांच्या मोठ्या गाडीवर, सासर अरुंद रुळांच्या लहान गाडीवर. दोन्ही गाड्या नागपूरला जातात, पण मध्ये कुठे एकमेकींना भेटत नाहीत, असं म्हणून आई माझ्या लग्नात रडली. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही हा कायदा आमच्या घरी जुनाच चालू होता. पदर भुवयांपर्यंत, आणि तोंड बंद. मला पांढुर्ण्यात बडबडी म्हणत. त्यामुळे सुरुवातीला फार जड गेलं.

मामाजींनी त्यावर तोड काढली होती. मला काही सांगायचं असलं की ते गोठ्यात जाऊन बैलाला सांगत. "आज शेंगदाण्याची चटणी भेटन का नाई, काय माहीत बावा," असं मोठ्यानं म्हणायचे आणि मी आतून पाटा ओढायची. मी आजारी दिसले तर बैलाला विचारायचे, "काहून रे, आज सुस्त हायेस?" एवढा सज्जन माणूस मी माहेरीही पाहिला नव्हता. मला मुलगी झाली तेव्हा सासूबाईंचं तोंड उतरलं, आणि मामाजी सौंसरच्या बाजारातून डोक्यावर पाळणा घेऊन आले. पण पोर पाळण्यात फार दिवस राहिलीच नाही. तिच्या आबाजींची मांडी, आबाजींचं अंथरूण. ते भाकरीचा घास स्वतः चावून मऊ करत आणि तिच्या तोंडात घालत. पहाटे त्यांना दम्याची उबळ आली की पोर त्यांच्या कुशीत झोपलेलीच असे. तिला त्या आवाजाची सवय झाली होती.

लेक वर्षाची होऊन गेल्यावर माझी पाठ दुखू लागली. पाणी भरताना उसण भरली, असं ठरलं. ठरलं म्हणजे सासूबाईंनी ठरवलं, आणि आमच्याकडे तेवढं पुरे असे. उसणीला उपाय पायाळू माणसाचा. जो आईच्या पोटातून पायाकडून जन्मला तो पायाळू, आणि त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडेच काय, सगळीकडे मानतात. आमच्या गल्लीत एक पायाळू बाई होती. अंगानं भरभक्कम, आणि आपल्या पायाचा तिला फार अभिमान. मला अंगणात पालथं निजवून तिनं पाय दिला. गावातल्या निम्म्या पाठी तिच्या पायाखालून गेल्या होत्या आणि बऱ्याही झाल्या होत्या, कारण उसण आपोआपच बरी होते. माझी झाली नाही. मग तिनं आणखी जोरानं दिला. मी ओरडले तर म्हणाली, "निघून राहिली, निघून राहिली. सोस थोडं."

तिचा राग मला नाही. तिच्या पायानं रोग झाला नव्हता, तो आधीपासून मणक्यात बसला होता. पण वाळवी लागलेल्या खांबावर चढून नाचू नये, एवढं मात्र खरं. काही महिन्यांत पाठीच्या मध्यावर एक टेंगूळ वर आलं. एकदा अंगणात चालताना चप्पल पायातून निसटली आणि ते मला कळलंच नाही. पाय बधीर झाला होता. पोळ्याच्या सुमारास वडील मला माहेरी न्यायला आले. मी भिंत धरून चालताना त्यांनी पाहिलं आणि पांढुर्ण्याऐवजी मला सरळ नागपूरला इस्पितळात नेलं.

पाठीचा एक्स-रे फोटो काढून डॉक्टर म्हणाले, मणक्याचा टीबी आहे.

"पण हिला खोकला नाही," वडील म्हणाले. गणितातली चूक दाखवावी तसं.

डॉक्टरांना हे उत्तर रोजचं असावं. त्यांनी फक्त विचारलं, "घरात कोणी खोकतं का?" वडिलांनी सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "नाई." त्यात खोटं काहीच नव्हतं.

मला प्लास्टरच्या साच्यात उताणी निजवली, मानेपासून मांड्यांपर्यंत. हात तेवढे मोकळे. रोज सुई, आणि घशाखाली न उतरणाऱ्या कडू पुड्या. उठायचं कधी, याला डॉक्टर 'बघू' म्हणत. त्या इस्पितळात खोकणाऱ्या बायांची खोली मागच्या बाजूला वेगळी होती. आमची खोली हाडांची आणि गाठींची. बायांनी नावं पाडली होती, त्या ओल्या आणि आपण कोरड्या. कोरड्यांना ओल्यांपेक्षा बराच तोरा होता. आपल्याला तोच रोग आहे हे डॉक्टर सांगत होते, पण ते कोणी मनावर घेत नव्हतं.

माझ्या डावीकडे बोरगावकडची एक मुलगी होती, गळ्याभोवती गंडमाळ. गाठी फुटल्या तशी तिची ठरलेली सोयरीकही फुटली. उजवीकडे एक गाडीवानाची बायको, गुडघा सुजून लाकूड झालेला. समोरच्या खाटेवरच्या बाईची कथा ऐकून हसावं की रडावं कळत नसे. तिचं पोट पाण्यानं फुगू लागलं, पाळी तर आधीच बंद झाली होती. सासरी आनंदीआनंद. लग्नाला बरीच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, म्हणून हिरवं लुगडं नेसवून ओटी भरली, डोहाळजेवण केलं, जाऊबाईंनी हौसेनं बाळाचं टोपडं शिवलं. दिवस भरून गेले तरी काही होईना, तेव्हा सुईणीनं हात टेकले. डॉक्टरांनी पोटातून पाणी काढलं. ती सांगायची, "पाणी निघालं तं सासू म्हणते, पोट्टं कुठं गेलं?" आणि सगळ्या हसायच्या, ती स्वतःसुद्धा.

सासूबाई एकदा पाहायला आल्या. नाकाला पदर लावून खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, टेकल्या नाहीत, इस्पितळातलं पाणी प्यायल्या नाहीत. माझी ताटवाटी घरी वेगळी काढून राखेनं घासून माळ्यावर ठेवली आहे, हे त्यांनी काळजीपूर्वक सांगितलं. "पोरीची चिंता नको करू. मामाजीच्या कुशीतून हालत नाई ते." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आई नसली तरी पोर कोणाच्या तरी उबेत आहे, असं म्हणत मी झोपले.

दुपारी डॉक्टर गेले की आमच्या खोलीत गप्पांना ऊत येई. दुखण्यावर कोणी बोलत नसे, बोलणं सासरच्या उण्यादुण्यांवर. एकदा समोरची पोटवाली आपल्या चुलत सासऱ्याचं गाऱ्हाणं सांगत होती. त्याला दमा, म्हणून हिला पहाटे उठून त्याचं पाणी तापवावं लागे, शेक द्यावा लागे, आणि वर तो चिडचिड करी. गंडमाळवाली म्हणाली, "आमच्या आजीलेबी दमाच हाये. तेच तं मले जवळ घेऊन झोपे." गाडीवानाची बायको म्हणाली, "माह्या घरच्याले दमा नाई हो. बिडीचा खोकला हाये. रातभर झोपू देत नाई." मी हसत म्हटलं, "चला, आमच्याकडेबी दमा हाये." सगळ्या हसल्या. मी हसता हसता थांबले.

एकीला मानेत, एकीला गुडघ्यात, एकीला पोटात, मला पाठीत. चार घरं, चार जाती, एकमेकींना ओळखतही नव्हतो. आणि चारही घरांत 'ते दुखणं' कोणाला नाही, आणि चारही घरांत कोणीतरी रात्रभर खोकतंय. आम्ही चौघी त्यांच्याच जवळ निजलो, त्यांचंच पाणी तापवलं, त्यांच्याच खोलीत सारवण केलं. मी घाबरले. स्वतःसाठी नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझी लेक या क्षणी कुठे असेल, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. मामाजींना तपासल्याशिवाय त्यांनाही तोच रोग आहे असं ते म्हणेनात. म्हणाले, "खरा दमाही असतो, सगळेच काही टीबीवाले नसतात. पण हा रोग शिरतो तो बहुतेक श्वासावाटेच. आत कित्येक वर्षं गप्प बसतो. मग कोणाच्या मणक्यात डोकं वर काढतो, कोणाच्या मानेत, कोणाच्या पोटात. तुम्हा कोरड्या बायांपासून कोणाला फारसं भय नाही. भय आहे ते खोकणाऱ्यापासून. त्यांना घेऊन या, फोटो काढू."

"माझी मुलगी त्यांच्याजवळ झोपते," मी म्हटलं. "तीन वर्षांचीही नाही."

ते लिहीत होते, ते थांबले. "तिला तिथून हलवा. लहान मुलांत तो मेंदूपर्यंत जातो."

हलवा म्हणे. मला स्वतःला कूस बदलता येत नव्हती.

हे भेटायला आले तेव्हा मी सांगितलं. आधी त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा चेहरा लाल झाला. "तू काय बोलून राहिली, समजते का तुले? बाबांले टीबी? माह्या जन्माच्या पयलेपासून दमा हाये त्याइले."

"एकदा फोटो काढा. नसन तं नसन."

"तुले झाला म्हणून आता साऱ्याइले लावतं का?" एवढं बोलून ते निघून गेले, आणि पुढे बरेच दिवस आलेच नाहीत. ते वाक्य मला सुईपेक्षा जास्त लागलं, ते अजून पुसलेलं नाही.

मग वडिलांना सांगितलं. ते घाबरले. मुलीच्या बापानं व्याह्याला क्षय आहे म्हणायचं, आणि मग मुलगी नांदायला पाठवायची कुठं? तरी बिचारे रामाकोन्याला गेले, आणि कारण न सांगता नातीला काही दिवस पांढुर्ण्याला नेतो म्हणाले. सासूबाईंनी साफ नकार दिला. "मायचं दुखणं लेकीले लागू नाई म्हणून तं आमी जपून राहिलो. आता तुमी घेऊन चालले?" मास्तर रिकाम्या हातानं परत आले आणि माझ्या खाटेजवळ बसून राहिले. मला त्यांची कीव आली, आणि राग त्याहून जास्त आला.

याच दिवसांत प्रांत फुटला. नागपूर मुंबई राज्यात गेलं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, त्याची राजधानी तेवढी भोपाळला गेली. मी जागची तसूभर न हलता परक्या राज्यात जाऊन पडले. आता पलीकडच्या रोग्यांना घरी पाठवणार, अशी हूल खोलीत उठली. गंडमाळवाली रडली, कारण बोरगावही माझ्यासारखंच पलीकडे पडलं होतं. तसं काही झालं नाही. पण ते चार-आठ दिवस मला वाटे, पाठवाच मला घरी. साच्यासकट पाठवा, बैलगाडीत घालून पाठवा, मी पोरीला ओढून माझ्याजवळ घेईन.

आणि मग एक दिवस मामाजी स्वतःच आले. लहान गाडीनं, एकटे, संत्र्यांची टोपली घेऊन. स्टुलावर बसले. इथं बैल नव्हता, म्हणून त्यांनी पाण्याच्या माठाकडे पाहून विचारलं, "जेवण बरं भेटते का नाई, काय माहीत." टोपलीतलं एक संत्रं घेऊन ते सोलू लागले. घरी पोरीला असंच सोलून देत, वरचा दोरा न दोरा काढून.

मी सवयीनं पदर कपाळावर ओढला होता. तो मागे सारला.

"मामाजी."

लग्नानंतरची ही पहिली हाक. त्यांचा हात थांबला. खोलीतल्या बायांची बोलणीही थांबली.

"पोरीले तुमच्यापाशी झोपवू नका."

ते माठ सोडून माझ्याकडे पाहू लागले. "काहून?"

"तुमाले दमा हाये म्हणून."

"दमा लागत असते का कोणाले?"

"मामाजी, या खोलीत साऱ्याइच्या घरी दमाच हाये." मी हातानं दाखवलं. हिच्या आजीला, तिच्या चुलत सासऱ्याला, हिच्या मालकाला बिडीचा. पोटवालीनं पदर सावरून मान हलवली. गंडमाळवालीनं गळ्यावरची पट्टी नकळत झाकली. मामाजी एकेकीकडे पाहत गेले. त्यांना उबळ आली तेव्हा ते भिंतीकडे वळले आणि दुपट्टा तोंडावर दाबून धरला. उबळ संपल्यावर भिंतीकडेच पाहत त्यांनी विचारलं,

"पोरीले झालं का काई?"

"माहीत नाई. अजून तं नाई."

"हं."

"इथं फोटो काढतेत, मामाजी. आता औषध हाये याच्यावर. मले देऊनच राहिले."

त्यांनी संत्र्याचा आणखी एक दोरा काढला. मला वाटलं, ऐकलं. मग म्हणाले, "फोटो निघाला का नाव पडते. तुह्या नंदेचं लगन व्हायचं हाये अजून." मी काही बोलणार तेवढ्यात उठले. "पोरीचं पाहतो मी. तू नको चिंता करू." अर्धवट सोललेलं संत्रं त्यांनी मला द्यायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. खिशात घातलं आणि गेले.

मला त्यांचा राग आला. आजही येतो. औषध समोर होतं, डॉक्टर दारात होते, आणि हा शहाणा माणूस एका शब्दाला भिऊन परत गेला. पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्याच दिवशी बगीच्यातल्या खोलीत अंथरूण नेलं. घरात सांगितलं की संत्र्याच्या चोऱ्या होऊन राहिल्या, राखण पाहिजे. पुढे हे भेटायला येऊ लागले तेव्हा एवढंच म्हणाले, "बाबा बगीच्यात राहाले गेले. पोट्टी रडून राहिली लय." त्या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी माझ्यासमोर कधी जोडला नाही. मीही जोडून दाखवला नाही.

मी घरी आले ती कमरेला चामड्याचा पट्टा बांधून, आपल्या पायांनी चालत. लेकीनं मला ओळखलं नाही. तिला माझ्याजवळ यायचंच नव्हतं, तिला बगीच्यात जायचं होतं. चार दिवसांनी मामाजींची भाकर घेऊन मी निघाले तर ती माझ्या पुढे पळत सुटली. विहिरीपाशी मामाजी बसले होते. तिला पाहून उठले आणि "जाय, घरी जाय" म्हणून ओरडले. ती थांबली नाही. तेव्हा त्यांनी वाफ्यातलं ढेकूळ उचललं आणि तिच्या दिशेनं फेकलं. पिकात शिरलेल्या वासराला हाकलतात तसं. ते तिच्या पायाजवळ फुटलं. ती उभी राहिली, मग वळून माझ्या लुगड्यात तोंड खुपसून रडली. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याजवळ आली.

हे काही एकदाच झालं नाही. पोर चिवट होती, जातच राहायची. कळायला लागेपर्यंत ती जात राहिली आणि ढेकळं पडत राहिली. मग जाणं बंद झालं. मी मात्र रोज जायची. भाकर विहिरीच्या काठावर ठेवून लांबून मोठ्यानं बोलायची, आणि ते तिकडून उत्तर द्यायचे. सून सासऱ्याशी ओरडून बोलते, म्हणून गावात माझी शोभा झाली. ते विचारत एकच, "पोट्टी खोकते का?" मी म्हणायची, "नाई." मग भाकर उचलायचे.

नणंदेचं लग्न झालं. मांडवात ते एका कडेला बसले होते. त्यानंतर ते आपणहून नागपूरला गेले आणि फोटो काढून घेतला. औषध सुरू झालं, पण उशीर झाला होता; डॉक्टर म्हणाले, एका बाजूला काही उरलेलंच नाही. पुढची थंडी संपता संपता ते गेले. दम्यानं गेले असं गावानं म्हटलं. विचारायला येणाऱ्यांना मीही तसंच सांगितलं, कारण त्यांनी ज्यासाठी एवढं केलं ते मोडायचा मला हक्क नव्हता. लेकीचाही मी फोटो काढून आणला. स्वच्छ निघाला.

लेक आता स्वतः आजी आहे. नातवंडांना मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा आजी-आजोबांच्या गोष्टी निघाल्या. ती सहज म्हणाली, "आमच्या आबाजींना मी नको होते. नातू हवा असेल. मला आठवतं ना, ढेकळं मारायचे." तिला पाळणा आठवत नाही, चावलेला घास आठवत नाही, कूस आठवत नाही. त्या वयाचं कोणालाच आठवत नाही.

मी तिला सगळं सांगितलं, आत्ता इथं लिहिलं आहे तसं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग लांबून एकदा तरी हसायचं होतं गं त्यांनी."

"लांबून हसले असते," मी म्हटलं, "तर तू लांब राहिली असतीस का?"

मांडीवरचं पोर झोपलं होतं, ते तिनं खाली ठेवलं नाही.